पळसाचे पान आणि थांबलेली टकटक

चैत्र महिना. सूर्य उगवून तासभर झाला होता. नदीकाठच्या जंगलात, अर्जुनाच्या एका उंच झाडावर एक खार राहत असे. त्या तासाभरात ती सत्तावीस वेळा खाली उतरली होती आणि वर एकही दाणा पोचला नव्हता.

हे कसे झाले, ते नीट ऐका, मुलांनो. झाडाच्या बुंध्याशी एक ढोली होती. मुंग्या रानातून दाणे आणून तिच्यात टाकत. शेजारी एक सुतार पक्षी बसे. दाणा पडला की तो खोडावर चोच मारी : टक! मग खारीने खाली यायचे, दाणा घ्यायचा आणि शेंड्याजवळच्या कोठारात नेऊन ठेवायचा. दिवस मावळताना रानडुकरे येत आणि खाली उरलेले सगळे फस्त करत. झाडाचा कारभार एका म्हाताऱ्या वानराकडे होता. त्याचा नियम एकच : 'एक दाणा, एक ठोका. ठोका ऐकू आला की असशील तिथून खाली.' एरवी दिवसाला चाळीस-पन्नास दाणे येत आणि नियम चालून जाई.

पण त्या वर्षी बांबू फुलला. कित्येक वर्षांतून एकदाच फुलणारा बांबू! अख्खा डोंगर पिवळट झाला. वारा आला की बी सरसर झरे. मुंग्यांची रांग बुंध्यापासून निघून नदीच्या वळणाआड गेली होती आणि तिचे दुसरे टोक कुठे आहे, ते शेंड्यावरूनही दिसत नव्हते. खार ती रांग पाहतच राहिली. इवल्या इवल्या पायांनी सारा डोंगर तिच्या दाराशी चालत आला होता!

टक!

ती धावली. दाणा तोंडात धरून निम्म्यावर आली, तोच टक! नियमाप्रमाणे परत फिरली. टक! टक! ना धड वर, ना धड खाली. शेंड्यावरच्या घरट्यात तिची तीन पिल्ले होती, अजून डोळेही न उघडलेली. पहाटेपासून त्यांच्या पोटात दुधाचा थेंब नव्हता. आधी त्यांची चींचीं ऐकू येत होती. आता तीही येईनाशी झाली.

"सुतारदादा, जरा दम घे ना रे!"

"मी कशाला दम घेऊ? दाणा पडला, मी टोचलं. तुझे पाय तू बघ."

वानर खडकावर डोळे मिटून ऊन खात होता. खार त्याच्याकडे वळली. "आजोबा, पिल्लं उपाशी आहेत माझी."

"टकटक ऐकू येतेय ना? म्हणजे काम झकास चाललंय."

"अहो, वर एक दाणा पोचलेला नाही!"

"मग जोरात पळ. तुझ्याआधीच्याही पळायच्याच की."

तुझ्याआधीच्या! खारीला त्या आठवल्या. या झाडावर तिच्याआधी तीन खारी होऊन गेल्या होत्या. तिघीही भर सुगीत, दाणा तोंडात असताना, खोडावरून खाली पडून मेल्या. वानराने तिन्ही वेळा एकच सांगितले होते : पाय घसरला. खारीचा पाय झाडावरून घसरतो? आणि तोही तिघींचा? पण हे विचारायला कोणी पुढे आले नव्हते.

खार खाली आली. तिने दाणा उचललाच नाही. ती सरळ सुतारासमोर जाऊन उभी राहिली.

"दहा दाणे जमले की एकदा टोच."

"आणि संध्याकाळी नऊच जमले तर? ते काय डुकरांना वाढायचे?"

त्याचे खरे होते. खारीने इकडेतिकडे पाहिले. पायाशी पळसाचे एक वाळके पान पडले होते. तिने ते उचलले.

"मग असं करू. हे पान मी ढोलीशेजारी सालीत खोचते. पान दिसलं, म्हणजे मी कामावर आहे. मी आपणहून फेऱ्या मारते आहे, मला बोलवायचं नाही. ढोली रिकामी झाली की मी पान काढीन आणि पिल्लांकडे जाईन. मग पुढचा पहिला दाणा पडला की एकच टक. पुरे."

"आणि वानरबाबा?"

"त्यांचं मी बघते. तुझी मान नाही का रे दुखत?"

सुताराने मान एकदा इकडे, एकदा तिकडे वळवून पाहिली. आजवर हे त्याला कोणी विचारले नव्हते. "दुखते," तो हळूच म्हणाला. "खोच ते पान."

आणि टकटक थांबली. झाडाची पाने सळसळत होती, ते खारीला त्या दिवशी प्रथमच ऐकू आले. ती एका वेळी तोंडभर दाणे घेई, थेट वर जाई, कोठारात ओती आणि परत येई. मध्ये हाक नाही, माघारी फिरणे नाही. पिल्लांकडे जीव ओढत होता, पण ढोली उतू जात होती. मुंग्या टाकत राहिल्या, ती नेत राहिली. उन्हे तापली, मुंग्यांची रांग विरळ झाली आणि अखेर ढोलीचा तळ दिसला. तिने पान उपसले आणि ती घरट्याकडे झेपावणार, तेवढ्यात एक म्हातारी मुंगी ओरडली :

"अगं बाई, थांब! तू आत डोकावलीस आणि मग पान काढलंस. त्या मधल्या वेळात मी एक दाणा टाकला. पान होतं, म्हणून हा सुतार गप्प. आता तू वर, हा गप्पच, आणि दाणा डुकरांच्या पोटात!"

"मग काय करू?"

"पान काढल्यावर पुन्हा एकदा आत बघ. तेवढंच."

खारीने वाकून पाहिले. तळाशी एकच दाणा होता. तिने तो उचलला आणि ती वर धावली. दोन पिल्ले लगेच दुधाला लागली. तिसऱ्याला तिने नाकाने ढोसले, चाटले, पुन्हा ढोसले. बऱ्याच वेळाने त्यानेही तोंड उघडले.

टकटक बंद पडलेली पाहून वानर तावातावाने वर चढला. "काम कोणी बंद पाडलं?"

खारीने नुसते कोठाराकडे बोट दाखवले. वानराने आत हात घातला. मनगट बुडाले, कोपर बुडाला, खांद्यापर्यंत हात गेला तरी तळ लागेना. 

खालून एकच ठोका आला. टक. खार उठली आणि जाता जाता म्हणाली, "आजोबा, दाण्यागणिक ठोक्याचा हा नियम कोणी केला होता?"

वानर नदीकडे पाहू लागला.

त्या झाडावर आता पळसाचे पान चालते. वानर येणाऱ्याजाणाऱ्याला ते कौतुकाने दाखवतोही. पण त्या तीन खारींचा पाय कशाने घसरला, हे त्याने अजून सांगितलेले नाही.

तात्पर्य : जो कामाला लागला आहे त्याला पुन्हा पुन्हा हाका मारल्या, तर काम होत नाही, माणूस मात्र संपतो; काम आटोपून तो मोकळा झाला की एक हाक पुरते.