गजशाळेतली मुले

फार पूर्वी सोमावती नगरीत धृतिमान नावाच्या राजाचे राज्य होते. त्या काळी बोधिसत्त्व तिथल्या राजशाळेत उपाध्याय होऊन मुलांना अक्षरे शिकवीत असे. त्या जन्मी त्याचे नाव क्षेमंकर होते.

ही शाळा राजाने सर्वांसाठी उघडली होती. श्रेष्ठींची मुले आणि कोळ्या-कुंभारांची मुले एकाच मंडपात बसत. दूरदेशीचे राजदूत ती पाहायला येत, आणि राजाला तिचा फार अभिमान वाटे. शाळेचे प्रमुख आचार्य शीलभानू मोठे विद्वान होते. त्यांना गोंगाट मुळीच खपत नसे.

त्या मंडपात कुवल नावाचा एक मुलगा होता. त्याचा बाप नदीत बुडून मेला होता आणि तो कोळीवाड्यात मामाकडे राहत असे. सुरुवातीला तो मन लावून शिकला. मग एकाएकी बिघडला. पाठ चालू असताना तो मोठ्याने किंचाळे. शेजाऱ्याची धूळपाटी उलटी करी. छडीचे वळ अंगावर असतानाच पुन्हा ओरडे. एके दिवशी त्याने पाण्याचा रांजण ढकलून फोडला, आणि मंडपात पुढे बसलेला लहानगा राजपुत्र नखशिखांत भिजला.

आचार्यांनी बोधिसत्त्वाला बोलावले.

"क्षेमंकरा, हा मुलगा आणि याच्यासारखे आणखी पाच-सहा आहेत. त्यांच्यापायी बाकीच्यांचं शिक्षण बुडतं. नदीपलीकडे जुनी गजशाळा रिकामी पडली आहे. तू यांना तिकडे ने आणि वेगळं शिकव. तुला मुलांचं जमतं."

बोधिसत्त्वाने विचार केला, की तिथे निदान यांना छडी बसणार नाही. तो म्हणाला, "नेतो. पण मुलं स्थिरावली की ती इथे परत येतील. त्यांच्या जागा राखून ठेवाल?"

"शब्द दिला," आचार्य म्हणाले. राजासमोरही त्यांनी हाच शब्द दिला.

गजशाळेत हत्ती नव्हते, पण त्यांचा वास होता. खांबांवर साखळदंडांचे खोल चरे पडले होते. सुरुवातीचे काही दिवस बोधिसत्त्वाने काहीच शिकवले नाही. तो सकाळी चूल पेटवून पेज शिजवी, मुलांना वाढी आणि त्यांच्याकडे पाहत बसे. उपाशीपोटी येणाऱ्या दोघा भावांचा दंगा पेज पोटात गेली की अर्ध्यावर येई. वल्लक नावाच्या मुलाला लांबचे दिसतच नव्हते. आचार्यांनी काय लिहिले ते तो शेजाऱ्याला विचारी, आणि बडबड करतो म्हणून मार खाई.

कुवलाचे मात्र काही कळेना. तो दिवसभर उंबऱ्यावर नदीकडे तोंड करून बसे.

एकदा बोधिसत्त्व मुलांना घेऊन नदीवर गेला. पलीकडच्या घाटावर राजवाड्यातली माणसे आली होती. एक दाई राजपुत्राला आंघोळ घालीत होती. कुवलाने दगड उचलला आणि पाण्यात फेकला. मग दुसरा, मग तिसरा. हात दुखून आपोआप खाली येईपर्यंत तो दगड फेकत राहिला. बोधिसत्त्वाने त्याला अडवले नाही.

"ती बाई कोण रे?" त्याने मग विचारले.

"राजपुत्राची दाई. तमालिका."

"आणि तुझी कोण?"

कुवलाने तळहातावरची वाळू पुसली. मग म्हणाला, "आई."

बाप गेल्यावर घरात खायला काही नव्हते, तेव्हा ती वाड्यावर गेली होती. तेव्हापासून ती घरी आली नव्हती. याची कुवलाला सवय झाली होती. पण मग राजपुत्राला शाळेत घातले. तमालिका रोज त्याला बोटाला धरून आणू लागली आणि दिवसभर मंडपाच्या कडेला बसू लागली.

"ती माझ्याकडे बघतच नाही, गुरुजी," कुवल म्हणाला. "मी ओरडलो की तेवढी बघते."

बोधिसत्त्व त्याच्याजवळ वाळूत बसून राहिला.

त्या दिवसापासून कुवल उंबऱ्यावरून आत येऊन बसू लागला. वल्लकाला लांबचे दिसत नसे, म्हणून कुवल त्याच्या तळहातावर बोटाने अक्षरे काढून दाखवी. तसे शिकवता शिकवता तो स्वतः पुढे गेला. पुढचा पावसाळा संपेस्तोवर राजशाळेतल्या मुलांना येत होते ते सगळे त्याला येऊ लागले.

मात्र दर महिन्याला नदीपलीकडून नवी मुले येत होती. त्यांतली बहुतेक दंगेखोर नव्हती. एक जण फार प्रश्न विचारी. एकीला पाठांतर उशिरा होई. एकाच्या कपड्यांना मासळीचा वास येई. शेवटी राजशाळेच्या मंडपात कोळ्या-कुंभारांचे एकही मूल उरले नाही. मंडप अगदी शांत झाला. राजदूतांनी त्या शांततेची फार वाखाणणी केली.

बोधिसत्त्वाने कुवलाला आणि आणखी चौघांना न्हाऊमाखू घातले आणि नावेत बसवून राजशाळेत आणले. आचार्य दारातच उभे होते.

"यांच्या जागा?" बोधिसत्त्वाने विचारले.

"जागा आता कुठल्या? तिथे दुसरी मुलं बसतात."

"आपण शब्द दिला होता."

"अरे, पण तुझ्याकडे ती इतकी छान शिकतात," आचार्य हसून म्हणाले. "मग त्यांना इकडे आणायचंच कशाला? आईबाप माझ्या नावानं ओरडतील. आपली मुलं यांच्याशेजारी बसवायला एकजण तयार होणार नाही."

बोधिसत्त्व तिथून कुवलाला घेऊन थेट राजसभेत गेला. आचार्यही मागोमाग आले. नाव वल्हवीत आलेला कुवलाचा मामा दाराशी थांबला. राजाने सगळे ऐकून घेतले. तो वाईट माणूस नव्हता, पण शांत मंडप त्यालाही आवडू लागला होता.

"उपाध्याय, तुझं काम मोठं आहे," राजा म्हणाला. "मी नदीपलीकडे तुला दगडी शाळा बांधून देतो. हाताखाली माणसं देतो. तुलाही आचार्य म्हणतील. मुलं तिथेच राहू देत."

पावसात गजशाळेचे छप्पर गळे. वल्लक ओल्या भिंतीला टेकून खोकत असे. हे आठवून बोधिसत्त्व क्षणभर थांबला. मग म्हणाला, "महाराज, गजशाळेची भिंत कुडाची आहे तोवर ती कधीतरी पडेल अशी आशा तरी आहे. दगडाची बांधलीत तर ही मुलं कायमची पलीकडची होतील. मला काही नको. त्यांना त्यांच्या जागा द्या."

राजाच्या कपाळाला आठी पडली. "ज्या मुलानं राजपुत्राच्या अंगावर रांजण फोडला, त्याला पुन्हा त्याच्याशेजारी बसवू?"

"तो दुष्टपणानं वागला नाही, महाराज. त्याची आई आपल्याच वाड्यात दाई आहे. तिनं एकदा वळून पाहावं म्हणून तो ओरडत होता."

तमालिका सिंहासनामागे बसली होती, राजपुत्र तिच्या मांडीवर झोपला होता. राजाने मान वळवली.

"तमालिके, हा तुझा मुलगा?"

त्या राज्यात अशी रीत होती, की राजपुत्राच्या दाईला स्वतःचे जिवंत मूल नसावे, म्हणजे तिची माया वाटली जात नाही. तमालिका वाड्यावर आली तेव्हा आपले मूल मेले असे सांगूनच तिने चाकरी मिळवली होती. हे बोधिसत्त्वाला ठाऊक नव्हते, कुवलालाही नव्हते. खोटे बोलून वाड्यात शिरलेल्या बाईचे नाक कापून तिला हाकलून देत, हे मात्र सगळ्या नगरीला ठाऊक होते.

"माझा मुलगा लहानपणीच गेला, महाराज," तमालिका म्हणाली. "या मुलाला मी ओळखत नाही."

तिचा हात राजपुत्राच्या पाठीवरून उठून स्वतःच्या नाकाशी गेला. बोधिसत्त्वाने तो हात पाहिला आणि त्याला सगळे कळले.

"उपाध्याय," राजा म्हणाला, "ही खोटं बोलते की तू?"

दारात मामा उभा होता. त्याला आत बोलावले असते, तरी पुरे होते. सारा कोळीवाडा साक्षीला आला असता. मुलाची बाजू खरी ठरली असती, आचार्यांना तोंड दाखवायला जागा उरली नसती. बोधिसत्त्वाने त्या बाईकडे पाहिले. असत्य तो बोलणार नव्हता, आणि सत्य त्याच्याने बोलवेना. तो गप्प राहिला. राजाने पुन्हा विचारले. तो गप्पच राहिला.

कुवल सभेच्या मधोमध उभा होता. आता हा किंचाळणार, असे सर्वांना वाटले. त्याच्या तोंडून आवाजही निघाला नाही.

"पाहा, महाराज," आचार्य शीलभानू पुढे होऊन म्हणाले, "मुलगा किती शांत झाला! वेगळ्या शिक्षणाचा हा गुण."

राजाला हसू आले आणि त्याचा राग निवळला. शांत झालेल्या या एका मुलाला मंडपात जागा द्यावी, बाकीच्यांनी आहे तिथेच राहावे, आणि वाड्यावर खोटा आळ घेणाऱ्या उपाध्यायाने नगर सोडून जावे, अशी त्याने आज्ञा केली.

बोधिसत्त्व निघाला, तेव्हा कुवल वेशीपर्यंत त्याच्या मागे आला.

"गुरुजी, ती माझीच आई आहे. तुम्हाला माहीत होतं ना?"

"होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तिचं काय झालं असतं, ते—"

"कळतं मला ते," कुवल म्हणाला. "मी लहान नाही. पण कोणीतरी बोलायला हवं होतं."

बोधिसत्त्वाने त्याच्या डोक्यावर ठेवायला हात पुढे केला. कुवल मागे सरला आणि वळून नगरात निघून गेला.

नदीपलीकडे दगडी शाळा बांधली गेली आणि आचार्यांचा भाचा तिथला प्रमुख झाला. पुढे तिच्या दाराला बाहेरून कडी बसवली. कुवल राजशाळेत बसू लागला. आलेल्या पाहुण्यांना आचार्य त्याला मुद्दाम दाखवीत. तमालिका राजपुत्राला घेऊन रोज येई आणि मंडपाच्या कडेला बसे. कुवल पुन्हा कधी ओरडला नाही, आणि तिनेही पुन्हा कधी मान वर केली नाही.

विहारात जमलेल्या भिक्षूंना शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही कथा एवढी सांगितली. मग त्यांनी भूत आणि वर्तमान यांची सांगड घातली. "भिक्षूंनो, त्या वेळचा राजा धृतिमान म्हणजे आजचा श्रेष्ठी मणिधर, ज्याने आपल्याला हा विहार दिला. आचार्य शीलभानू म्हणजे आजचे स्थविर उदयभद्र. तमालिका म्हणजे ती भिक्षुणी सुगंधा, जी कोणाशी न बोलता रोज अंगण झाडते. आणि उपाध्याय क्षेमंकर म्हणजे मी."

"आणि कुवल, भंते?" एका भिक्षूने विचारले.

"तो अजून आलेला नाही," शास्ता म्हणाले. "भिक्षूंनो, त्या जन्मात मी जे आचरले त्याला करुणा म्हणतात. जिच्यावर ती झाली तिने ती ओळखली नाही, आणि ज्याला तिची झळ लागली त्याची मी वाट पाहतो आहे."