माळावरच्या शाळेतला आरसा

फार मागे, माळाला अजून नांगर लागला नव्हता तेव्हा, तिथे पाखरांची शाळा भरायची. टिटवीबाई पिल्लांना एकच विद्या शिकवत: घारीची सावली दिसली की जमिनीला चिकटायचं.

एकदा शाळेचे मुख्य धनेशराव यांनी गावातून आरसा आणवला आणि फर्मान काढलं, की यापुढे प्रत्येक शिक्षकाने आभाळ आरशातच दाखवायचं. हाच नवा दर्जा.

"आरसा चांगलाच आहे, महाराज," टिटवीबाई म्हणाल्या. "पण आधी तुम्ही एक दिवस उन्हात वापरून बघा."

"दर्जा आम्ही ठरवायचा, बाई. पाळायचा तुम्ही," धनेशराव उंबराच्या सावलीतून म्हणाले.

तपासणीच्या दिवशी पिल्लं आरशाभोवती बसली. ऊन काचेवर पडलं, लखलखाट दूरवर गेला आणि घार नेमकी तिथेच आली. पिल्लांचे डोळे दिपले होते. सावली कुणालाच दिसली नाही. टिटवीबाई ओरडत झेपावल्या, तरी धाकटं पिल्लू गेलं.

धनेशराव धावत आले. "आरसा शाबूत आहे ना?"

उरलेली पिल्लं पंखाखाली घेऊन टिटवीबाई उघड्या माळाकडे निघाल्या.

मागून धनेशरावांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "टिटवीबाई दर्जाला उतरल्या नाहीत."