घागरीवर पदर

डोंगराच्या पायथ्याशी तांबटांचे एक गाव होते. तिथे ठकूबाई नावाची तांबटीण राहत असे. नवरा गेल्यावर तिने स्वतः हातोडी उचलली होती. तिचे दुकान लहान, पण डोळा मोठा. तिने भांड्याला नवा घाट दिला की मोठी दुकाने लगेच तसाच घडवून स्वस्तात विकत. त्यांत समोरच्या हैबती तांबटाचे दुकान सर्वांत पुढे. शिवाय पन्हळीच्या पाण्यावरून दोघांचे भांडण झाले होते, तेव्हापासून बोलणे बंद होते.

एकदा राजाने दवंडी पिटवली. ज्याने नवा घाट काढला, त्याने तो दरबारात नोंदवावा. मग काही वर्षे दुसऱ्या कोणी तो घडवायचा नाही. मात्र चारचौघांनी आधी पाहिलेला घाट नवा धरला जाणार नाही.

ठकूबाईने दवंडीचा पहिला भाग तेवढा मनात धरला. तिने एक घागर घडवली. तिचा काठ अळूच्या पानासारखा किंचित मुरडलेला होता. हा घाटही हातचा गेला, तर दुकानाला कुलूप लावावे लागेल, हे ती जाणून होती.

तांबटांची एक रीत होती. नव्या घाटाचे पहिले भांडे उत्सवात कालिकादेवीच्या पायरीवर भरून ठेवायचे आणि साऱ्या गावाने त्यातले पाणी प्यायचे. आधी देवी, मग दरबार, असे म्हणत ठकूबाई उत्सवाच्या सकाळी घागर घेऊन अंगणात आली. समोर ओट्यावर हैबती राखुंडीने दात घाशीत बसला होता. त्याचा हात थांबला. बराच वेळ तो घागरीकडे पाहत राहिला.

“वहिनी, पदर घ्या,” तो म्हणाला.

ठकूबाई संतापली. “पदर डोक्यावरच आहे, भाऊजी. तुमची नजर जागेवर आहे का, ते बघा.”

“डोक्यावरून नव्हे. घागरीवरून घ्या.”

मग त्याने दवंडीचा उरलेला भाग तिला सांगितला. गावाने एकदा पाहिली की घागर तिची राहणार नव्हती. देवीला ताटकळत कसे ठेवायचे, असे ठकूबाई पुटपुटली.

“देवी थांबेल, वहिनी. माझे कारागीर थांबायचे नाहीत.”

ठकूबाईने घागरीवर पदर ओढला आणि तशीच राजधानीची वाट धरली.

दरबारातल्या कारभाऱ्याने विचारले, हा घाट आधी कोणी पाहिला आहे का? ‘नाही’ म्हटले असते तर काम तिथेच झाले असते. पण खोटे बोलून घेतलेला शिक्का तिला नको होता. तिने हैबतीचे नाव सांगितले. कारभाऱ्याने लेखणी खाली ठेवली. पाहणारा तांबट असेल, तर त्याने घाट घडवून विकलाही असेल, असे म्हणून त्याने हैबतीला बोलावणे धाडले. हैबतीच्या एका खोट्या ‘हो’ने सगळे बुडणार होते.

हैबती आला. “पाहिला,” तो म्हणाला. “यांच्याच अंगणात, एकदाच. घडवला नाही. हात किती शिवशिवले, ते मात्र विचारू नका.”

कारभारी हसला आणि त्याने घाट ठकूबाईच्या नावावर नोंदवला.

परतताना दोघे एकाच बैलगाडीत होते. ठकूबाईने विचारले, “भाऊजी, तुम्ही असे का केलेत?”

हैबती खाली बघत म्हणाला, “इतकी वर्षे तुमचेच घाट ठोकत आलो. ती दवंडी माझ्याच दारात वाजल्यासारखी वाटली.”

“घाट माझा आहे, हे दरबाराने लिहिले,” ठकूबाई म्हणाली. “पण तो माझा राहिला तो तुमच्यामुळे.”

“बरे, बरे. गावभर सांगत सुटू नका. माझेच कारागीर मला हसतील.”

ठकूबाईने त्याचे एवढे मात्र ऐकले नाही. त्या घागरीचे गिऱ्हाईक आले, की ती आधी हैबतीचे नाव सांगे आणि मगच किंमत.

तात्पर्य: आपली नवी कल्पना जगाला दाखवण्याआधी ती रीतसर आपल्या नावावर करून घ्यावी, आणि चोरता येत असूनही ज्याने ती राखली, त्याचे उपकार उघडपणे मानावेत.