साळुंकीबाईंची हजेरी

पाखरांच्या पोरांनाही उन्हाळ्याची सुट्टी मिळायची, तेव्हाची ही गोष्ट. माळावरच्या शिबिरात नकलाकार साळुंकीबाईंनी पहिल्याच दिवशी फर्मावलं, ‘हजेरीला सगळ्यांनी माझ्यासारखंच ‘हजर’ म्हणायचं. टिटवीचा कलकलाट नको, होल्याचं घुमणं नको.’ आठवड्याभरात पाचही पिल्लांचा आवाज एक झाला. बाई स्वतःवरच खूश होत्या.

मग एका दुपारी धुळीचं वादळ उठलं. डोळे उघडवेनात. बाईंनी हाक दिली, ‘सगळे आहात ना?’

चारदाच ‘हजर’ ऐकू आलं. कोण राहिलं, ते कळायला मार्गच नव्हता.

‘आपापल्या आवाजात बोला रे,’ त्या कशाबशा म्हणाल्या.

टिटवी ओरडली, होला घुमला, पोपट किंचाळला, कावळ्यानं काव काव केलं. लाव्याचं पिल्लू तेवढं नव्हतं. बाई गवत धुंडाळत धावल्या. लांब एका बोरीच्या जाळीखाली ते थरथरत बसलं होतं. बाईंना पाहताच म्हणालं, ‘हजर.’ अगदी बिनचूक.

बाईंनी त्याला पंखाखाली घेतलं. ‘असं नको, बाळा. तुझ्या आवाजात सांग.’

पिल्लानं बराच वेळ आठवून पाहिलं.

‘बाई, तो कसा होता?’