दराचं कारण

मिरजेच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत नवं सॉफ्टवेअर आलं. मालक विलासराव एकेका गिऱ्हाइकाचा दर सांगत होते आणि कारकून रेवती कुंभोजे तो त्यात भरत होती. पुण्याला जाणाऱ्या एकाच गाडीत बड्या बिस्किट कंपनीच्या खोक्यांपेक्षा पापड करणाऱ्या बायकांच्या खोक्यांना दुप्पट दर! रेवतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बायकांना दुप्पट का, साहेब?"

"त्या कधी भांडत नाहीत. तू मुकाट्यानं भर."

"भरते. पण इथे दराचं कारण लिहावं लागतं आणि ते बिलावर छापून येतं. 'तुम्ही भांडत नाही म्हणून' असं लिहू?"

विलासरावांनी वाकून पडद्यावरची रिकामी चौकट पाहिली. त्यांचा चेहरा उतरला.

"दोघांना एकच दर लाव," ते पुटपुटले.

रेवतीनं दर भरला आणि कारण लिहिलं, "गाडी एकच आहे."