सूर्याला पडसं झालं

एकदा काय झालं, सूर्याला पडसं झालं. हसताय काय? खरंच झालं!

एक होता राजा, त्याचं नाव दुंदुभी. भारी हौशी. त्याच्या गावात सकाळी उठून सगळे सूर्याला ओंजळभर पाण्याचं अर्घ्य द्यायचे. राजा म्हणाला, "एवढ्याशा पाण्यानं देव काय प्रसन्न होणार?" त्यानं घागर ओतली. मग प्रधानानं हंडा ओतला. मग काय, गावात चढाओढच लागली. तेव्हा सूर्य असा उंच नव्हता बरं का, गावामागच्या टेकडीवर अगदी हाताशी उगवायचा. सगळं पाणी बदाबदा त्याच्याच डोक्यावर! एक दिवस तो शिंकला, परत शिंकला, आणि तिसऱ्या शिंकेला विझूनच गेला.

मग झाला काळोख. टेकडीवरून वाहून आलेल्या त्या पाण्यानं चुली भिजल्या, सरपण भिजलं, आणि गारठा असा की सगळ्यांचे दात वाजायला लागले.

सूर्य बिचारा म्हाताऱ्याचं रूप घेऊन कुडकुडत विस्तव मागायला निघाला. राजाकडे गेला. राजा चार रजया पांघरून बसला होता. म्हणाला, "आमचीच चूल विझलीय, जा बाबा." मग प्रधानाकडे गेला. त्यानं दारच उघडलं नाही. मग आला साळू नावाच्या एका गरीब बाईच्या झोपडीशी.

साळूचं बाळ कालच जन्मलं होतं. सुईण बजावून गेली होती, "याला गार पडू देऊ नकोस गं." साळू आपले तळहात एकमेकांवर घासायची आणि बाळाच्या छातीला लावायची. जरा थांबली की पोर निळं पडायचं. तिचा जीव नुसता टांगणीला लागला होता.

"विस्तव आहे का गं, बाई?"

"विस्तव कुठला, बाबा! पण तुम्ही आत या आधी, गारठून जाल."

म्हाताऱ्याचे हात बर्फगार. साळूला रडूच आलं. आपले हात दोनच, ऊब द्यायची कुणाला? मग तिनं एक हात बाळाच्या छातीवर ठेवला आणि दुसऱ्यात म्हाताऱ्याचा हात धरला. वाटलं, आता ऊब निम्मी होणार. पण झालं उलटंच! तिच्या छातीतून असं काही निघालं, की दोन्ही हात चांगले तापले. बाळ गुलाबी झालं आणि भूक लागली म्हणून टाहो फोडला त्यानं.

म्हातारा थक्क. "एवढी ऊब आणलीस कुठून, पोरी?"

"मला काय ठाऊक, बाबा! आतच होती."

तेव्हा सूर्याला आठवलं. अरे, जन्मताना प्रत्येकाच्या छातीत एक ठिणगी आपणच तर ठेवतो! रोजच्या धावपळीत विसरलोच की. मग आपल्या छातीत किती असेल! त्यानं डोळे मिटले, आत बघितलं, आणि भपकन पेटला. त्या दिवशी तो साळूच्या दारातूनच उगवला आणि थेट उंच जाऊन बसला. घागर पोचणार नाही इतका उंच, बरं का!

राजा रजयांतून बाहेर आला आणि साळूच्या बाळाला मांडीवर घेऊन ऊन खात बसला. सगळे सुखात राहिले.

आता घासा बघू तळहात. आणखी जोरात. ठेवा छातीवर. लागतंय ना ऊबदार? तो तुमचा सूर्य. तो मावळत नाही. झोपा आता त्याच्या उबेला.