दिवाणसाहेबांचं ताक

शिरगडच्या राजाने शाळेत कॉम्प्युटरचा वर्ग सुरू केला आणि दिवाण ढमढेऱ्यांच्या पोटात दुखायला लागलं.

भर दरबारात ते म्हणाले, "महाराज, कॉम्प्युटर म्हणजे नुसता सांगकाम्या. हुकूम सोडला की काम होतं. मी जन्मभर हुकूमच सोडतोय, मला कुठे कुणी शिकवलं? बंद करा तो वर्ग!"

राजाने मान डोलावली, तशा वर्ग शिकवणाऱ्या कुमुदिनीबाई उठल्या. पदर खोचून त्या पुढे झाल्या. "दिवाणसाहेब, घटकाभर मीच कॉम्प्युटर. मला हुकूम द्या आणि पेलाभर ताक पिऊन दाखवा. जमलं तर वर्ग बंद."

"हात्तिच्या!" दिवाण मिशीला पीळ देत म्हणाले. "ताक आणा."

बाईंनी मुदपाकखान्यातून ताकाची घागर आणली आणि त्या दिवाणांपुढे ढिम्म उभ्या राहिल्या.

"बघताय काय? ओता!"

बाईंनी घागर दिवाणांच्या पागोट्यावर तिरपी केली.

"अगं आई गं!" दिवाण किंचाळले.

"हा हुकूम समजला नाही," असं म्हणून बाई ओततच राहिल्या.

मिशीवरचं कढीपत्त्याचं पान उडवत दिवाण गरजले, "अहो, अक्कल आहे का तुम्हाला?"

"नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "कॉम्प्युटरला अक्कल नसते. म्हणून तर हुकूम देणाऱ्याला ती शिकवावी लागते."

राजा हसता हसता सिंहासनावरून घसरला. वर्ग चालूच राहिला आणि राजाज्ञेने पहिल्या बाकावर दिवाणसाहेबही येऊन बसले. पागोटं वाळेपर्यंत बोडक्यानेच.